आईच्या नकाशातली मुंबई

आईची मुंबई रेल्वेच्या रुळांच्या दोन्ही बाजूंना होती. कुठल्याही स्टेशनवर उतरून पायी पोचता येईल तेवढं शहर तिचं, बाकीचं तिने मनातून सोडून दिलेलं. मुलुंड, ठाणे, भायखळा, मशीद बंदर इथल्या गल्ल्या तिला पाठ होत्या. मढ, गोराई, आरे कॉलनी ही नावं ती फक्त पेपरात वाचायची. लग्नाची पत्रिका हातात पडली की मुहूर्ताच्या आधी ती हॉलचा पत्ता बघायची. स्टेशनपासून लांब असेल तर आहेराचं पाकीट बाबांच्या खिशात जाई आणि ती घरी राही. नोकरीत एकदा बढती चालून आली होती. पण नव्या कचेरीत जायला रोज दोन बस बदलाव्या लागणार होत्या. तिने नकार दिला आणि कारण म्हणून ‘घरगुती अडचण’ असं लिहून दिलं. बसमध्ये मळमळतं हे अर्जात लिहिण्यासारखं कारण आहे, असं तेव्हा कुणालाच वाटलं नसतं. आज तरी किती जणांना वाटेल?

लोकल तिला कधी लागली नाही. चेंगराचेंगरीत, एका पायावर उभी राहूनही तिचा प्रवास ठीक व्हायचा. टॅक्सीत बसली की मात्र सायन सर्कल यायच्या आत चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम, तोंडाला पाणी सुटलेलं. त्याच्याही आधी जांभया. एकामागून एक येणाऱ्या त्या जांभया ही पहिली सूचना असते, हे मला फार उशिरा कळलं. मळमळ सुरू होण्याआधीच शरीर सुस्तावतं, बोलावंसं वाटत नाही, आणि कधीकधी उलटी न होता नुसती ही सुस्तीच तासन्‌तास राहते. नातेवाईक म्हणायचे, “वहिनी जरा नाजूकच.” एक काकू तर तिच्यासमोरच म्हणायच्या, “मनावर घेते ती. मनावर घेतलं नाही की काही होत नाही.”

माझी लेक सई नऊ वर्षांची आहे. तिलाही गाडी लागते. शाळेच्या बसमधून उतरते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मला आईचा तो टॅक्सीतला चेहरा दिसतो. तिच्याबद्दलही कुणीतरी तेच वाक्य म्हटलं, ‘मनावर घेते’, आणि त्या दिवसापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटले.

हे घराण्यात उतरतं, ही पहिली गोष्ट कळली. २०१५ साली ऐंशी हजारांहून जास्त लोकांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात प्रवासातल्या मळमळीशी संबंध असलेल्या ३५ जागा सापडल्या. त्यातल्या काही डोळ्याच्या, कानाच्या आणि तोल सांभाळण्याच्या यंत्रणेच्या घडणीशी निगडित आहेत. पुरुषांपेक्षा बायकांना त्रास जास्त होतो, पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात आणखी वाढतो. अर्धशिशी असणाऱ्यांना तर फारच. आईला अर्धशिशी होती. या दोन गोष्टी एकाच घरातल्या आहेत, हे तिला कुठल्याही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. आणि वय: दोन वर्षांखालच्या बाळांना गाडी जवळपास लागतच नाही, पुढे त्रास वाढत जातो आणि नऊ-दहाव्या वर्षाच्या आसपास तो सगळ्यात जास्त असतो. सई नेमकी त्या शिखरावर बसली आहे.

कानाच्या आत, ऐकण्याच्या शंखाला लागूनच, तोल सांभाळणारं एक चिमुकलं इंद्रिय आहे. त्यात एकमेकींशी काटकोन करून बसलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका. नलिकांत द्रव. डोकं वळलं की द्रव क्षणभर मागे राहतो आणि तिथल्या केसाळ पेशी वाकतात. मेंदूला कळतं की आपण वळलो. शेजारी दोन पिशव्या. त्यांत एका चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण बसलेले असतात. गाडी सुटली, ब्रेक लागला, लिफ्ट खाली गेली, की हे कण मागेपुढे सरकतात. डोळे मिटून लिफ्टमध्ये उभं राहिलं तरी ती सुरू झाल्याचं कळतं ते या कणांमुळे. पण लिफ्ट एका वेगाने जात राहिली की काहीच कळत नाही. या इंद्रियाला वेग समजत नाही, वेगातला बदल तेवढा समजतो. म्हणून रिकाम्या रस्त्यावर एका लयीत धावणारी गाडी फारशी त्रास देत नाही. दादर टीटी ते सायन हा सिग्नल-ब्रेक-सिग्नल-ब्रेक असा रस्ता मात्र देतो.

आता ती बसमधली सई बघा. समोर सीटची पाठ, मांडीवर वही. डोळे सांगतात, सगळं स्थिर आहे. कान सांगतो, आत्ता डावीकडे वळलो, आत्ता थांबलो, आत्ता पुन्हा सुटलो. जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड यांनी १९७५ साली जी मांडणी केली ती आजही सर्वात जास्त मानली जाते: इंद्रियांनी दिलेल्या बातम्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि मेंदूने आजवरच्या अनुभवावरून जी अपेक्षा धरलेली असते तिच्याशीही जुळत नाहीत, तेव्हा हा त्रास होतो. यातला ‘अपेक्षा’ हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या हातात स्टीअरिंग आहे त्याला गाडी सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण शरीराला जाणवण्याआधीच त्याला ठाऊक असतं. बोटीवर पहिले काही दिवस माना टाकून पडलेला खलाशी पुढे सावरतो, कारण मेंदू नवी अपेक्षा शिकतो.

पण बातम्या जुळल्या नाहीत म्हणून उलटी का व्हावी? नुसती चक्कर येऊन भागलं असतं. १९७७ साली मिशेल ट्राइझमन यांनी यावर एक तर्क मांडला. निसर्गात वाहनं नव्हती. डोळे आणि तोल यांच्यात असा विसंवाद तेव्हा एकाच कारणाने व्हायचा: पोटात काही विषारी गेलं आणि ते मेंदूपर्यंत पोचलं. म्हणून असा विसंवाद दिसला की पोट रिकामं करायचं, ही शरीराची जुनी सवय. पुढे कुत्र्यांवर प्रयोग झाले. आतल्या कानातलं हे इंद्रिय काढून टाकल्यावर काही विषांना त्यांच्याकडून होणारी उलटीची प्रतिक्रिया मंदावली. सगळ्यांना हा तर्क पटलेला नाही. काहींच्या मते ही उलटी म्हणजे उत्क्रांतीतला निव्वळ अपघात. काही संशोधक मूळ कारण विसंवादात न शोधता शरीराचा तोल सावरता न येण्यात शोधतात. मला स्वतःला ट्राइझमन यांचा तर्क ओढून घेतो. आईच्या शरीराला टॅक्सीत विषबाधेची शंका येत होती आणि ते तिला वाचवू पाहत होतं, ही कल्पना मला ‘नाजूक’ या शब्दापेक्षा कितीतरी न्यायाची वाटते.

आपल्या गटारांच्या कडेने रात्री उंदीर पळतात आणि चिचुंद्र्याही. उंदराला उलटी करताच येत नाही. चिचुंद्रीला येते, आणि हलत्या फळीवर ठेवलं तर तिला माणसासारखीच गाडी लागते. जपानी संशोधकांनी १९८० च्या दशकात हे दाखवल्यापासून उलटीवरच्या औषधांच्या अभ्यासात चिचुंद्री वापरतात. सईला हे सांगितलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने तो पूर्ण इमारतीत वाटला.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली, ती माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अवकाशयात्रेची तयारी सुरू होती. वजनरहित अवस्थेत शरीराचं काय होईल हे शोधायला नौदलाच्या संशोधकांनी वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजमधले अकरा जण निवडले. त्यांतल्या दहा जणांचं ऐकणं लहानपणी मेंदूज्वराने गेलं होतं, आणि ऐकण्याबरोबर आतल्या कानातलं तोलाचं इंद्रियही. त्यांना नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेलं. ते अकरा जण मजेत पत्ते खेळत बसले. त्यांची निरीक्षणं नोंदवायला आलेले संशोधकच इतके आजारी पडले की प्रयोग आवरता घ्यावा लागला. म्हणजे ज्याचं हे इंद्रिय काम करत नाही त्याला बोट लागत नाही. ज्याला लागते त्याचं इंद्रिय शाबूत आहे, जागं आहे, आपलं काम करतं आहे.

आमचं गाव राजापूरकडे. आईच्या लहानपणी आजी तिला भाऊच्या धक्क्यावरून बोटीने न्यायची. डेकवर वळकट्या पसरायच्या, पिशवीत लिंबं आणि आलेपाक. गावाजवळचं बंदर मुसाकाजी. तिथे बोट किनाऱ्याला लागायची नाही, खोल पाण्यात उभी राहायची आणि मग पडावात उतरावं लागायचं. आई सांगते की आजी तिला बोटीच्या मधोमध आडवं झोपवायची आणि डोकं हलू देत नसे. आजीला हे कुणी शिकवलं असेल कोण जाणे, पण ते अगदी बरोबर होतं: बोट मध्यावर सर्वात कमी हलते, आणि डोकं स्थिर असलं की कानातला गोंधळ कमी होतो.

समुद्रच का इतका छळतो, याचं उत्तर हेलकाव्याच्या गतीत आहे. १९७४ साली ओ’हॅनलन आणि मॅकॉली या अमेरिकन संशोधकांनी माणसांना एका बंद खोलीत बसवून ती खोली वेगवेगळ्या लयीत वर-खाली केली. सर्वात जास्त त्रास झाला तो साधारण सहा सेकंदांत एक या लयीच्या हेलकाव्याने. याहून बऱ्याच जलद हादऱ्यांनी मळमळत नाही. चालताना आपलं डोकं सेकंदाला सुमारे दोनदा वर-खाली होतं आणि आपल्याला काही होत नाही. खडखडणाऱ्या बैलगाडीने अंग मोडून येतं, पण पोट ढवळत नाही. बोट मात्र नेमक्या त्या संथ लयीत डुलते. घाटातली बसही: एक वळण डावीकडे, लगेच एक उजवीकडे. गर्दीत चालणारी टॅक्सीही: सुटली, थांबली, सुटली. लोकलचे हादरे बारीक आणि जलद, थांबे काही मिनिटांच्या अंतराने, आणि दारं-खिडक्या उघड्या. लोकल आईला का लागली नाही, याचं उत्तर मला इथे सापडलं.

बोटी बंद झाल्या आणि आईच्या नशिबी एस.टी. आली. परळहून संध्याकाळी सुटायची. वडखळपर्यंत बरं असे. माणगाव, महाड, पोलादपूर, आणि मग रात्रीच्या अंधारात कशेडीचा घाट. पुढे खेडजवळचा भोस्ते, मग परशुराम. बाहेर मिट्ट काळोख, म्हणजे डोळ्यांना आधार घ्यायला क्षितिज नाही. आत डिझेलचा वास आणि पुढच्या सीटची लोखंडी कड. घाटाची वळणं आईने कधी डोळ्यांनी पाहिली नाहीत, पण पोटाने सगळी मोजली. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, माझ्या हातात पाण्याची बाटली. खिडकीजवळची जागा एखाद्याने दिली तर आई त्या माणसाचं नाव-गाव विचारून ठेवायची आणि वर्षभर त्याचं कौतुक करायची. आवळासुपारी, आलेपाक, लिंबू हुंगणं, बुडाखाली वर्तमानपत्र घेऊन बसणं, सगळं करून झालं. त्यातल्या आल्याला काही प्रयोगांचा आधार मिळाला, काहींत तो मिळाला नाही. वर्तमानपत्राबद्दल नंतर लिहिते.

मग २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. तिच्याबद्दल पूल, बोगदे, सह्याद्री असं बरंच लिहिलं गेलं आहे. गाडी लागणाऱ्या माणसांना तिने काय दिलं, यावर मी अजून कुठे वाचलेलं नाही. या मार्गावरच्या वळणांची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी ठेवलेली नाही. ताशी शंभर किलोमीटरने अशा वळणावरून जाताना शरीर बाजूला ओढणारा जोर, आणि ताशी पंचवीसने समजा वीस मीटर त्रिज्येच्या घाटवळणावरचा जोर, असा हिशेब मी मांडून पाहिला. दुसरा जवळपास चौपट येतो. शिवाय रूळ वळणावर एका बाजूने उचललेले असतात, त्यामुळे उरलेला जोरही बराचसा जाणवत नाही. अभियंत्यांनी हे वेगासाठी केलं होतं. आईने त्या पहिल्या प्रवासात रत्नागिरीला बटाटेवडा खाल्ला. गावाच्या वाटेवर तिला काही खाताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

असंच दुसऱ्यांदा घडलं ते ८ जून २०१४ ला, घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली तेव्हा. घाटकोपर आईच्या नकाशात होतंच. त्या उन्हाळ्याच्या शेवटी ती वर्सोव्याचा समुद्र बघून आली, एकटी.

‘नाजूक’ म्हणणाऱ्यांना मी आता काही नावं सांगते. चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावर १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षं फिरला आणि समुद्र त्याला शेवटपर्यंत लागत राहिला. ॲडमिरल नेल्सनलाही लागायचा. गेरमान तितोव हा निवडून-पारखून घेतलेला सोव्हिएत वैमानिक; ऑगस्ट १९६१ मध्ये व्होस्तोक-२ मधून पृथ्वीभोवती फिरताना त्याला उलटी झाली. आणि साध्या प्रवाशांचं म्हणाल तर ब्रिटनमधल्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांतल्या ३२५६ प्रवाशांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या २८ टक्क्यांहून अधिक लोकांना प्रवासात बरं वाटलं नव्हतं. ज्यांना पुढचा रस्ता नीट दिसत नव्हता त्यांना जास्त त्रास झाला, आणि चालक कसा गाडी हाकतो यानेही फरक पडला. म्हणजे प्रत्येक बसमध्ये चौथा माणूस गप्प बसून सहन करत असतो. खिडक्यांवर जाहिरातींची जाळी चिकटवणाऱ्यांनी याचा विचार करावा. एकदम ब्रेक दाबणाऱ्यांनीही. आजकाल टॅक्सीत बसल्या-बसल्या आपण मोबाइल उघडतो, आणि इलेक्ट्रिक गाडी तर पाय उचलताच स्वतःहून मंदावते, इंजिनाच्या आवाजाने मिळणारी सूचनाही देत नाही. ज्यांना आजवर काही झालं नव्हतं तेही हल्ली तक्रार करू लागलेत.

आता ‘मनावर घेते’ याबद्दल. हे वाक्य मला पूर्ण खोटं ठरवता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं. पण १९९५ साली इस्रायली नौदलाच्या प्रशिक्षणार्थींवर झालेला एक प्रयोग वाचनात आला. काही जणांना प्रवासाआधी सांगितलं गेलं की तुम्हाला बोट लागण्याची शक्यता कमी आहे, आणि लागलीच तरी तुमच्या कामावर परिणाम होणार नाही. त्यांना खरोखरच त्रास कमी झाला, कामही चांगलं झालं. तेव्हा मनाचा वाटा आहे. बुडाखालच्या वर्तमानपत्राचा गुणही कदाचित इथेच असेल. पण त्या मुलांना काय म्हटलं गेलं ते बघा: तुला जमेल, आणि त्रास झाला तरी काही बिघडत नाही. आईला आयुष्यभर जे ऐकावं लागलं ते याच्या अगदी उलट होतं. मनाचा परिणाम होतो हे मान्य केलं, तर जवळच्या माणसांनी काय बोलावं याची जबाबदारी वाढते. ती त्रास होणाऱ्यावर ढकलता येत नाही.

औषधाचा शोध एका ट्रामने लावला असं म्हटलं तरी चालेल. १९४७ च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अंगावर पित्त उठणाऱ्या एका गरोदर बाईला ॲलर्जीवरचं नवं औषध दिलं. तिला ट्रामही लागायची. औषध घेतल्यापासून ट्राम लागेनाशी झाली आणि हे तिने डॉक्टरांना सांगितलं. पुढे सैनिकांच्या जहाजावर चाचणी झाली आणि ते औषध, डायमेनहायड्रिनेट, जगभर गेलं. त्या बाईने सांगितलं आणि डॉक्टरांनी ऐकून घेतलं, म्हणून हे झालं. आपल्याकडे घरोघरी ॲव्होमिनची गोळी असते, तीही ॲलर्जीच्याच औषधांच्या कुळातली. ती निघण्याच्या तासभर तरी आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, मग गोळी पोटातच पडून राहते. झोप येते. दोन वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत, आणि मोठ्या मुलांनाही डॉक्टरांना विचारूनच. रोजच्या शाळेसाठी ती कामाची नाही, हे आमच्या डॉक्टरांनी लगेच सांगितलं.

म्हणून मी बसमधल्या मावशींशी बोलले. सई शेवटच्या रांगेत बसायची. तिथे बस सगळ्यात जास्त उसळते. मावशींनी तिला पुढे, जिथून काचेतून रस्ता दिसतो तिथे जागा दिली. उपाशीपोटी पाठवणं मी बंद केलं, भरल्या पोटीही नाही; एक पोळी किंवा केळं. बसमध्ये पुस्तक नाही. डोकं सीटला टेकवून ठेवायचं, जांभया आल्या की खिडकी उघडायची आणि सावकाश श्वास घ्यायचा. गेटपाशी बसची वाट बघणारी दोन-तीन मुलं तिला चिडवायची. त्यांना मी चिचुंद्रीची आणि त्या अकरा पत्तेबाजांची गोष्ट सांगितली. एका मुलाने विचारलं, “काकू, मग ड्रायव्हरकाकांना का नाही लागत?” मी म्हटलं, त्यांना पुढचं वळण आधी कळतं. तेव्हापासून पुढच्या दोन रांगा वळणं मोठ्याने पुकारतात: डावीकडे, ब्रेक, स्पीडब्रेकर, उजवीकडे. पुढे काय येतंय याची सूचना आवाजाने दिली तर त्रास कमी होतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. या मुलांना ते ठाऊक नाही, त्यांना खेळ मिळाला आहे.

सईला आठवड्यातून एखादवेळी अजून मळमळतं. गणपतीला आम्ही रेल्वेनेच जाणार, पण राजापूर रोड स्टेशनपासून गावापर्यंतचा नागमोडी रस्ता उरतोच, आणि रिक्षात मागे बसावं लागणार. त्या रस्त्याची वळणं आईला एकूण एक ठाऊक आहेत. रोज संध्याकाळी ती सईला समोर बसवून क्रमाने पाठ करून घेते आहे.